आमच्या दुकानातली हळद

“गाणं जरा बंद करता का?” असं तो म्हणाला तेव्हा माझ्या हातात अर्धी उलगडलेली नारायणपेठ होती आणि समोरच्या बाईंनी नुकताच पदर खांद्यावर टाकून आरशाकडं मान वळवली होती. साडीच्या धंद्यात ही घटका फार नाजूक. त्या वेळी कुणी शिंकलं तरी बाई पदर खाली ठेवते आणि ‘येते परत’ म्हणून चपला शोधायला लागते. मी त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

तो काउंटरपासून हलला नाही. गायधनी त्याचं नाव, कोल्हापूरहून आलेला, इस्त्रीचा शर्ट, कोवळी मिशी. गाण्यांच्या कुठल्याशा कंपनीच्या वतीनं तालुक्यातली दुकानं फिरत होता. म्हणाला, दुकान, हॉटेल, सलून, जिथं गिऱ्हाईक येतं तिथं रेकॉर्डवरची गाणी लावायची तर परवाना काढावा लागतो. सीडी विकत घेतली ती घरात ऐकायला. धंद्याच्या जागी लावली की ज्यांनी ती काढली त्यांचा हक्क येतो, त्यांची परवानगी घ्यायची, वर्षाची फी भरायची. मी भांडायला पदर खोचला होता, पण मेला इतका नम्र की भांडण कुठून सुरू करावं तेच कळेना.

गल्ल्यावर बसलेले हे, म्हणजे माझे यजमान भालचंद्र म्हेत्रे, सगळं ऐकून “हं” म्हणाले. उठले आणि बटण बंद केलं. आमच्या ह्यांचं बोलणं एवढंच. दिवसभरात चार वाक्यं तोंडातून निघाली तर मी दृष्ट काढावी. बोलायचं खातं माझ्याकडं. विट्याच्या बाजारपेठेत म्हेत्र्यांच्या दुकानातून साडी घ्यायची म्हणजे म्हेत्रेवहिनींची बडबड ऐकायची, हे सगळ्या बायकांना ठाऊक.

गाणं बंद झालं तेव्हा कळलं की ते आम्ही करमणुकीसाठी लावत नव्हतोच. साडी घ्यायला एकटी बाई कधी येत नाही. सासू, जाऊ, नणंद, एखादी मावशी, असा ताफा येतो. सुनेला काय आवडलं ते तिला सासूसमोर मोठ्यानं बोलता येत नाही. गाणं चालू असलं की ती बहिणीच्या कानात सांगते, बहीण मला डोळ्यानं खुणावते, मी ती साडी सासूबाईंच्या पुढ्यात सरकवते आणि बघता बघता ती सासूबाईंचीच पसंती होऊन जाते. शांततेत हे कसं जमायचं? सुना मान खाली घालून बसायला लागल्या, सासवा कंटाळून उठायला लागल्या. मी आपली एकटी बडबडत राहायची, आणि माझं बोलणं मलाच ऐकू यायला लागलं.

मी म्हटलं, भरून टाका ती फी आणि मोकळे व्हा. ह्यांचं डोकं मात्र हट्टी. दुसऱ्याची गाणी भाड्यानं कशाला आणायची, म्हणाले. आपल्याकडं हळदीची गाणी आहेत, जात्यावरची आहेत. ती काही कुठल्या कंपनीची नाहीत. आपली आपण भरून घेऊ आणि लावू.

“म्हणणार कोण?” मी विचारलं.

हे साडीची घडी सारखी करत होते. “प्रमिला आहे की,” म्हणाले.

प्रमिलाबाई नाही, कुंभारेबाई नाही, नुसतं प्रमिला.

ही प्रमिला कुंभारे झेडपीच्या शाळेत शिकवायची. गावात कुणाचंही लग्न असो, हळद दळायला जात्याला सुपारी बांधली की पहिलं गाणं तिचं. मी लग्न होऊन या घरात आले त्याच वर्षी सासूबाईंनी सांगून टाकलं होतं की ह्यांना आधी ती दाखवली होती. दोघं एका शाळेतले. गॅदरिंगला ती गायची आणि हे पेटी वाजवायचे. “मीच नको म्हटलं,” असं सासूबाई मोठ्या अभिमानानं सांगायच्या. चार माणसांत तोंड उघडून गाणारी मुलगी त्यांना घरात नको होती. सासूबाई नको म्हणाल्या, ठीक. पण हे काय म्हणाले होते? ते मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. तो काटा तसाच आत राहिला. बाजारात ती दिसली की माझी नजर आधी तिच्या साडीवर जायची. आमच्या दुकानातली कधी म्हणजे कधी नसायची.

दुकानाला सुट्टी होती त्या दिवशी ती आमच्या घरी आली. त्याआधी ह्यांनी माळ्यावर चढून फडक्यात बांधलेलं एक खोकं खाली काढलं. त्यात जुन्या पावत्या असतील असं मी इतकी वर्षं समजत होते. निघाली पेटी. सासूबाई जाऊनही तोवर बरीच वर्षं झाली होती, म्हणजे ती पेटी घरात आहे हे जगात फक्त ह्यांना माहीत होतं. ह्यांनी ती मऊ कापडानं पुसली. एकेक पट्टी दाबून बघितली. भात्यातली धूळ फुंकताना ह्यांचे गाल असे फुगले होते की मला एरवी हसू आलं असतं.

मी स्वयंपाकघरातून बघत होते. मध्ये रेकॉर्डिंगचं मशीन, अलीकडं हे, पलीकडं ती, माझ्याच चटईवर मांडी घालून. तिनं सूर लावला आणि खोटं कशाला बोलू, आवाज चांगलाच होता. पण मी तिच्याकडं बघतच नव्हते. मी ह्यांच्याकडं बघत होते. मान डोलत होती, डोळे मिटले होते, हात पेटीवर नुसते पळत होते. ओठ हलत होते. या माणसाबरोबर मी बारा वर्षं संसार केला, दोन बाळंतपणं काढली, आणि हा चेहरा ह्यांनी मला एकदाही दाखवला नव्हता. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी तिच्या चहात मुद्दाम साखर कमी घातली. ती म्हणाली, “छान झालाय. मला कमीच लागते.”

दुसऱ्या दिवसापासून ती आमच्या दुकानात राहायलाच आली म्हणा. सकाळी शटर उघडलं की तिचा आवाज, दुपारी डबा खाताना तिचा आवाज. आणि त्यात एक गोष्ट अशी झाली की माझं डोकं फिरायचंच बाकी राहिलं. हळदीच्या गाण्यात नवरदेवाचं आणि नवरीचं नाव घालावं लागतं, त्याशिवाय गाणं पुढं सरकत नाही. आता दुकानात लग्न कुणाचं? पण तिला सवय. तिनं आपलं घरच्या धन्याचं नाव घालून टाकलं. भालचंद्राला हळद लागली, भालचंद्राच्या अंगणात मांडव पडला, भालचंद्राची नवरी चौरंगावर बसली. भालचंद्र, भालचंद्र, भालचंद्र. आणि नवरी? नवरीला नावच नव्हतं.

येणाऱ्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. “काय शेठ, रोजच हळद चाललीय की तुमची,” एक म्हातारी म्हणाली, आणि माझ्याकडं बघून तिनं डोळा मिचकावला. हे नुसतं हसले. मी त्या म्हातारीला दाखवत असलेलं इरकल धपकन् कपाटात ठेवलं. पण धंदा वाढला हो, हीच तर आग. बायका गाणी ऐकायला थांबायच्या, थांबल्या की साडी बघायच्या. बारा वर्षं मी घसा फोडून जे केलं ते ही बाई न येता करत होती. आणि गिऱ्हाईक नसलं की ह्यांची बोटं गल्ल्याच्या फळीवर हळूच चालायची, पेटीची जागा आली की.

अशात गायधनी पुन्हा आला. दारात उभा राहून अख्खं गाणं त्यानं ऐकलं. म्हणाला, फार सुंदर, याला आमच्या परवान्याची काही गरज नाही. मग जरा डोकं खाजवून म्हणाला की गाणं जुनं असलं, कुणाच्या मालकीचं नसलं, तरी आवाज या बाईंचा आहे. दुकानात तो वाजवायला त्यांची लेखी संमती घेऊन ठेवा. उद्या त्यांनी हरकत घेतली तर काय कराल?

“तू जाऊन सही घेऊन ये,” हे मला म्हणाले. “बाईमाणसाकडं तूच गेलेली बरी.”

मी कागद पिशवीत टाकून निघाले ते मनात एकच धरून, की ती नाही म्हणू दे. तिची सही नाही म्हणजे तिचा आवाज नाही. आणि सरळ नाही म्हणाली नाही तर तिला नाही म्हणायला लावायचं, हेही वाटेत ठरवून झालं होतं. काय काय बोलायचं ते जुळवत गेले. लोक हसतात म्हणायचं. शाळेतल्या बाईंचं नाव असं बाजारात वाजणं बरं दिसत नाही म्हणायचं.

तिच्याकडं नळ आला होता. साडी वर खोचलेली, चष्म्याच्या काचांवर पाणी उडालेलं, ती भरलेल्या घागरी आत नेत होती. मला बघून तिला ना आनंद ना अवघडलेपण. “या, ती कळशी घ्या तेवढी,” म्हणाली. मी साडीच्या दुकानाची मालकीण, तिची कळशी उचलून तिच्या मोरीत ठेवली. मग कागद काढला.

तिनं उभ्या उभ्या तो वाचला. माझं जुळवलेलं बोलणं सुरू व्हायच्या आतच म्हणाली, “सही देते. पण त्यातली पेटी काढायला सांगा.”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. पेटी कशी काढणार, दोन्ही एकदमच भरलंय, असं मी म्हटलं.

“मग परत भरा. मी एकटी म्हणेन.” तिनं नळाखाली दुसरी घागर सरकवली. “राग मानू नका, पण तुमचे मालक थांबत नाहीत. माझी ओळ संपायच्या आत पुढं पळतात. त्यांना काही आवडलं ना, की त्यांचा हात वाहवतो. मग समोरच्यानं काय करायचं? मी तर त्या दिवशी मध्येच विचारलं होतं, नवरीचं नाव काय घालू म्हणून. तुमचं नाव मला ठाऊक नव्हतं. त्यांना ऐकूच आलं नाही.”

मी पुढं होऊन नळाखालची घागर सरळ धरली.

“मुलगी बघायला आले होते तेव्हाही हेच,” ती म्हणाली. “गाणं म्हणा म्हणाले, आणि आमच्याच घरातली पेटी पुढं ओढून बसले. मला एक कडवं धड म्हणू दिलं नाही. ते गेल्यावर मी आबांना सांगितलं, हा माणूस मला नको. हा जन्मभर मला बोलू द्यायचा नाही.”

“तुम्ही नको म्हणालात?”

“मग कोण?” ती म्हणाली. “नळ जाईल, ती बादली द्या इकडं.”

परतताना मला खरं तर हलकं वाटायला हवं होतं. तिच्या मनात ह्यांच्याबद्दल तेव्हाही काही नव्हतं, आताही नव्हतं. सासूबाईंचा अभिमान खोटा होता. पण माझा पाय जडच होत गेला. तिच्यापुढं ह्यांचा हात वाहवतो. तिच्यापुढं ह्यांना थांबता येत नाही. आणि माझ्यापुढं? माझ्यापुढं ह्यांना सुरूच करता येत नाही. मी काहीही सांगावं, पोरीला ताप आलाय, भावाचं लग्न ठरलंय, मला आज रडू येतंय, आणि ह्यांनी “हं” म्हणावं. ज्या माणसाला ती ‘हा मला बोलू देणार नाही’ म्हणून नाकारून बसली, त्या माणसाच्या तोंडून दोन वाक्यं काढायला मी बारा वर्षं घालवली होती.

दुकानात पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती, गिऱ्हाईक नव्हतं. ती गातच होती. मी बटण बंद केलं आणि तिनं सांगितलं ते सगळं सांगितलं. मुद्दाम एक शब्द वगळला नाही. नकाराचंही सांगितलं.

ह्यांनी ऐकून घेतलं. चेहरा जरा उतरला, पण एवढंच. “बरोबर आहे तिचं,” म्हणाले. “पेटीशिवाय भरू मग.”

इतक्या लगेच. मी पोरांना घेऊन चार दिवस कोकणात जाऊ म्हणते ते सहा उन्हाळे अडून बसलेलं, आणि तिनं नळावर उभं राहून निरोप धाडला तर ह्यांनी स्वतःलाच गाण्यातून पुसून टाकायची तयारी दाखवली.

“पेटी राहू दे,” मी म्हटलं. “बाई काढा.”

ह्यांनी मान वर केली.

“मला तिचा आवाज नको दुकानात. मला राग येतो. पहिल्या दिवसापासून येतो. ती वाईट आहे म्हणून नाही. तुम्ही तिच्यापुढं जसे होता तसे माझ्यापुढं कधीच झाला नाहीत म्हणून. माझ्यावर कधी वाहवला नाहीत तुम्ही, एकदाही नाही.” माझा आवाज चिरकला, चिरकू दे म्हटलं.

हे काउंटरवरची साडी बोटांनी चाचपायला लागले. मग म्हणाले, “तुला बघायला आलो तेव्हा तू सारखी बोलत होतीस. आठवतं? तुझे वडील डोळे वटारत होते तरी बोलत होतीस. मला फार आवडलं ते. मी हात मांडीखाली दाबून बसलो होतो. ठरवलं होतं, आता मध्ये पडायचं नाही. तिच्याकडून निरोप आला होता, कशासाठी नको ते. पुन्हा नकार नको होता.”

“आणि नंतर?”

“नंतर सवयच लागली.”

ह्या माणसाला माझं बोलणं आवडलं होतं. हे ऐकायला मी एक तप थांबले होते, आणि ऐकलं तेव्हा आधी काय मनात आलं सांगू? की हे शहाणपणही ह्यांना तिनंच शिकवलं. माझ्या वाट्याला आलेली शांतता होती तीसुद्धा तिची देणगी. मी रडायला लागले ते दुःखानं की संतापानं, माझं मलाच कळलं नाही.

“परवाना काढा,” मी डोळे पुसत म्हटलं. “जगातल्या सगळ्या बायका येऊन गाऊ देत आपल्या दुकानात. माझी हरकत नाही. ही एक नको.”

“हं,” हे म्हणाले, आणि मी असं बघितलं की पुढं घाईघाईनं म्हणाले, “काढतो. उद्याच फोन करतो.”

गायधनी परवाना घेऊन आला तेव्हा दुकानात दोन-तीन बायका बसल्या होत्या. त्यानं कागद काउंटरवर ठेवला, कुठं सही करायची ते दाखवलं, आणि जरा घुटमळून म्हणाला, “एक विचारू? आपणहून फोन करून परवाना मागणारं दुकान मी पहिल्यांदाच पाहतोय. आणि तुमची ती गाणी तर इतकी छान होती. मग हे कशाला?”

मी उत्तर तयारच ठेवलं होतं. “त्याचं असं आहे,” मी म्हटलं, “गिऱ्हाइकांना जरा वेगळं काहीतरी—”

“हिला चालत नव्हती ती,” गल्ल्यावरून आवाज आला.

मी वळून बघितलं. हे उभे राहिले होते.

“तसं नाही हो,” मी सावरून घेतलं, “बायका म्हणत होत्या की—”

“बायका काही म्हणत नव्हत्या. हिला राग आला होता. येणारच. दुकान हिचं आहे. मी नुसता गल्ल्यावर बसतो. तुम्ही हिला साडी दाखवताना बघितलंय का कधी? बाई दारातून आत येते, अजून चपला काढतेय, तोवर हिला कळलेलं असतं की त्या बाईला हिरवी पाहिजे पण सासूच्या धाकानं ती जांभळी मागणार. मी वीस वर्षं धंद्यात आहे, मला नाही कळत—”

“अहो, त्यांना उशीर होतोय,” मी म्हटलं.

“—आणि बोलते कशी. मागच्या दिवाळीत एक बाई नुसती पाणी प्यायला आली होती, तिला हिनं इतकं हसवलं, इतकं हसवलं, की ती जाऊन दोन बहिणींना घेऊन आली. गाणं कशाला पाहिजे खरं तर. पण ही म्हणते पाहिजे, मग पाहिजे. ही माहेरी जाते ना, तेव्हा मी दुपारीच शटर ओढतो. कुणाला सांगत नाही. सांगायचं काय? बसवत नाही इथं—”

मी पुन्हा तोंड उघडलं, पुन्हा ह्यांनी माझ्यावरून पुढं नेलं. हात हवेत चालले होते, मान डोलत होती. समोर बसलेल्या बायका साड्या सोडून ह्यांच्याकडं बघत होत्या. मला एक शब्द घालायला जागा नव्हती. गायधनी हातात पेन धरून तसाच उभा होता. शेवटी तोच बिचारा मध्ये पडला. “शेठ,” म्हणाला, “वहिनींना बोलू द्या की जरा.”

“राहू द्या,” मी म्हटलं. “त्यांना बोलू द्या.”